३१ मार्च आणि खामगावचे ऊन

खामगावात मार्च सरत आला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. नेमक्या त्याच सुमारास छतावरील सौरविजेचे वर्षाचे खाते बंद होते. हा योग दीडशे वर्षांपूर्वीच्या एका निर्णयामुळे जुळून आला आहे.

१९४८ च्या कायद्यात वीजकेंद्र उभारायचे तर वीज मंडळाची संमती लागे. घरगुती ग्राहक वीज विकेल, ही कल्पनाच त्यात नव्हती. २००३ च्या विद्युत कायद्याने निर्मिती परवानामुक्त केली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९८३ मध्येच नेट मीटरिंगचा कायदा केला होता. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे विनियम आले ते सप्टेंबर २०१५ मध्ये.

महावितरणला दिलेले जादा युनिट पुढच्या बिलांत वळते होतात. तोवर युनिटला युनिट, व्यवहार सरळ. वर्षअखेरीस उरलेले युनिट मात्र आयोगाने ठरविलेल्या दराने विकत घेतले जातात, आणि तो दर ग्राहक बिलात मोजतो त्याहून सहसा बराच कमी असतो.

हे ‘वर्ष’ आले कुठून? १८६७ पर्यंत सरकारी आर्थिक वर्ष १ मे ते ३० एप्रिल असे. मग ते इंग्लंडच्या हिशेबी वर्षाशी जुळवण्यात आले. कापसासाठी खामगावला रेल्वे आली, तीसुद्धा त्यानंतर, १८७० मध्ये!

परिणामी, हिवाळ्यात पंखे बंद असताना साठलेले युनिट उन्हाळ्याच्या तोंडावर स्वस्तात मोडले जातात आणि एप्रिलचे खाते शून्यापासून सुरू होते. जुने वर्ष टिकले असते, तर निदान एप्रिलचा कूलर त्या युनिटांवर चालला असता.