थांब्यावर वाकणारी बस

हवेच्या सस्पेन्शनला इलेक्ट्रॉनिक्सची जोड

प्रतिनिधी

लो-फ्लोअर बस थांब्यावर येऊन उभी राहते, 'फुस्स' असा आवाज होतो आणि बसची दाराकडची बाजू किंचित खाली झुकते. प्रवासी चढले, दार बंद झाले की बस पुन्हा सरळ होऊन मार्गाला लागते. रोजच्या प्रवाशाचे याकडे फारसे लक्षही जात नाही. मात्र गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या आजीबाई, गर्भवती महिला किंवा चाकाच्या खुर्चीवरील प्रवासी यांच्यासाठी सहा-सात सेंटिमीटरचे हे झुकणे म्हणजे बसमध्ये चढता येणे आणि न येणे यातला फरक असतो. हे काम करणारी यंत्रणा म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन', अर्थात हवेच्या दाबावर गाडीची उंची राखणारी आणि संगणकाने नियंत्रित होणारी व्यवस्था.

कमानपाट्यांची मर्यादा

आपल्याकडील मालमोटारी आणि साध्या बसगाड्या वर्षानुवर्षे पोलादी कमानपाट्यांवर धावत आल्या आहेत. हे पाटे दणकट, स्वस्त आणि कोणत्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होण्याजोगे असतात. त्यांची अडचण एकच, ती म्हणजे त्यांचा कडकपणा बदलत नाही. सरासरी ६५ किलो वजनाचे ६० प्रवासी बसमध्ये चढले तर गाडीवरील भार सुमारे ३,९०० किलोंनी वाढतो. एवढा भार पेलण्यासाठी पाटे कडक ठेवावे लागतात. साहजिकच रिकामी बस खड्ड्यांतून उडत जाते आणि भरलेली बस खाली बसते. पायरीची उंचीही गर्दीनुसार कमी-जास्त होते.

हवेच्या सस्पेन्शनमध्ये पाट्यांची जागा रबराच्या जाड पिशव्या घेतात. त्यांना 'एअर बेलो' म्हणतात. भार वाढला की बेलोमध्ये अधिक हवा भरायची आणि कमी झाला की काढून टाकायची, हे त्यामागचे साधे तत्त्व. दाब वाढला की बेलोचा कडकपणाही वाढत असल्याने बस रिकामी असो वा भरलेली, तिचे हेलकावे जवळपास सारखेच राहतात. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५३ मध्ये आणलेल्या 'पीडी-४१०४' या लांब पल्ल्याच्या बसमध्ये हवेचे सस्पेन्शन होते. भारतातील आंतरशहर प्रवाशांना त्याची ठळक ओळख झाली ती २००१ मध्ये आलेल्या व्होल्व्होच्या 'बी७आर' बसमुळे.

दांडी आणि झडप

हवा किती भरायची, हे ठरवण्याची जुनी पद्धत पूर्णपणे यांत्रिक आहे. गाडीच्या सांगाड्यावर एक झडप बसवलेली असते आणि तिची दांडी अॅक्सलला जोडलेली असते. भाराने सांगाडा खाली आला की दांडी वळते, झडप उघडते आणि टाकीतील हवा बेलोमध्ये जाते. भार उतरला की दांडी उलट वळते आणि जादा हवा बाहेर पडते. ही व्यवस्था विश्वासार्ह असून अनेक बसगाड्यांत ती आजही वापरात आहे. परंतु तिला एकच उंची ठाऊक असते. शिवाय चाकाखाली आलेला खड्डा आणि बसमध्ये चढलेला प्रवासी यांत तिला भेद करता येत नाही. त्यामुळे धावत्या गाडीतही झडप पुन:पुन्हा उघडझाप करते आणि हवा विनाकारण खर्च होते.

यावर उपाय म्हणून ब्रेकयंत्रणा बनवणाऱ्या 'वॅब्को' कंपनीने १९८६ मध्ये 'ईकॅस' ही इलेक्ट्रॉनिक प्रणाली बाजारात आणली. (२०२० मध्ये ही कंपनी जर्मनीच्या 'झेडएफ' समूहात विलीन झाली.) हे नाव आज या प्रकारच्या यंत्रणेची ओळख बनले आहे.

तीन घटकांची साखळी

या यंत्रणेत मुख्यत: तीन घटक असतात. पहिला घटक म्हणजे उंची मोजणारा सेन्सर. तो सांगाड्यावर असतो आणि एका छोट्या दांडीने अॅक्सलला जोडलेला असतो. अंतर बदलले की सेन्सरमधील तारेच्या वेटोळ्यातील गाभा सरकतो आणि त्यातून मिळणारा विद्युत संकेत बदलतो. सर्वसाधारणपणे एका बसमध्ये असे तीन सेन्सर असतात. तिपाई कशाही जमिनीवर डगमगत नाही, त्याच न्यायाने गाडीची पातळी ठरवण्यासाठी तीन बिंदू पुरेसे असतात.

दुसरा घटक म्हणजे नियंत्रक संगणक. प्रत्यक्ष उंची आणि ठरवून दिलेली उंची यांची तो सतत तुलना करतो. फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तरच तो कृती करतो. गाडीचा वेग, दार उघडे आहे की बंद आणि ब्रेक दाबला आहे का, ही माहितीही त्याला मिळत असते. बस उभी असताना प्रवासी चढ-उतार करत असतात, म्हणून तो लगेच प्रतिसाद देतो. बस धावत असताना मात्र तो घाई करीत नाही. बराच वेळ सरासरी उंची पाहून मगच दुरुस्ती करतो. ब्रेक दाबल्यावर गाडीचे नाक खाली जाते, तेव्हा तो मुद्दाम गप्प बसतो. अन्यथा पुढच्या बेलोमध्ये हवा भरली जाईल आणि ब्रेक सुटताच गाडी पुढून उचललेली राहील.

तिसरा घटक म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांचा संच. संगणकाने आदेश दिला की झडप उघडते आणि हवा आत किंवा बाहेर जाते. आदेश नसेल तेव्हा झडप बंद राहून हवा बेलोमध्ये कोंडलेली असते. त्यामुळे स्थिर स्थितीत हवा खर्च होत नाही.

ही हवा इंजिनवर किंवा विद्युत बसमध्ये स्वतंत्र मोटरवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरकडून येते. ब्रेकनाही हीच हवा लागते, हे येथे महत्त्वाचे. म्हणूनच मध्ये एक संरक्षक झडप असते. ब्रेकच्या टाक्यांत पुरेसा दाब तयार झाल्याखेरीज ती सस्पेन्शनकडे हवा सोडत नाही आणि सस्पेन्शनमध्ये गळती झाली तरी ब्रेकची हवा राखून ठेवते.

वाकण्याचे गणित

थांब्यावर चालकाने बटण दाबले की दाराच्या बाजूच्या बेलोंतील हवा सोडली जाते आणि बस सर्वसाधारणपणे ६० ते ८० मिलिमीटर खाली येते. यालाच 'नीलिंग' म्हणतात. बस उभी असताना किंवा अगदी मंद वेगात असतानाच ही क्रिया होते. काही बसगाड्यांत दाराखाली स्पर्शपट्टी असते. खाली येताना ती पदपथाच्या कडेला टेकली तर बस लगेच वर उचलली जाते. चालक बस पूर्ववत करण्यास विसरला, तरी ठरावीक वेग गाठताच यंत्रणा आपणहून नेहमीच्या उंचीवर येते.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१३ मधील शहरी बसविषयक निकषांत मजल्याची उंची ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशा तीन प्रकारांत मांडली आहे. समजा, बसचा मजला ४०० मिलिमीटरवर आहे आणि थांब्याचा चौथरा १५० मिलिमीटर उंच आहे. दोहोंत २५० मिलिमीटरचे अंतर उरते. बस ७० मिलिमीटर वाकली की ते १८० होते. एक मीटर लांबीच्या उतरत्या फळीचा चढ 'चारास एक'वरून सुमारे 'साडेपाचास एक' इतका सौम्य होतो. तरीही चाकाची खुर्ची आपल्या बळावर वर नेण्यासाठी हा चढ कठीणच आहे. म्हणजेच केवळ बस वाकून भागत नाही. थांब्याचा चौथरा योग्य उंचीचा हवा आणि बस त्याला खेटून उभी राहायला हवी. बस रस्त्याच्या मधोमध थांबली आणि प्रवाशाला रस्त्यावरूनच चढावे लागले, तर या सगळ्या यंत्रणेचा लाभ निम्म्याहून कमी होतो.

देखभालीवर सारी भिस्त

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक वाहतूक सर्वांसाठी सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. परंतु हा हक्क प्रत्यक्षात उतरतो तो आगाराच्या कार्यशाळेत. हवेतील ओलावा शोषणारे काडतूस वेळेवर बदलले नाही तर पाणी झडपांपर्यंत पोहोचते. धूळ आणि खडे यांमुळे बेलोच्या रबराला चिरा पडतात. सेन्सरची दांडी वाकली की संगणक चुकीची उंची खरी मानतो. रात्री सरळ उभी केलेली बस सकाळी एका बाजूला कललेली दिसली तर हवागळती झाली, असे समजावे. सेन्सर बदलल्यावर गाडीची उंची मोजून संगणकाला ती नव्याने 'शिकवावी' लागते. हे काम टाळले तर नवा भागही निरुपयोगी ठरतो.

एक सावधगिरी तर जिवाशी निगडित आहे. बेलोतील हवा कोणत्याही क्षणी कमी होऊ शकते. म्हणून सांगाड्याला भक्कम आधार दिल्याशिवाय अशा बसखाली कोणीही शिरता कामा नये.

चालकासमोरील फलकावर सस्पेन्शनचा इशारा देणारा दिवा असतो. तो लागलेला असतानाही फेरी पूर्ण करण्याचा मोह आवरला आणि गाडी वेळीच आगारात गेली, तर पुढच्या थांब्यांवर बस वाकत राहील. त्या थांब्यांवर उभ्या असलेल्या आजीबाईंना यातले तंत्र ठाऊक असण्याची गरज नाही. त्यांना फक्त पायरी आपल्या पावलाच्या टप्प्यात हवी असते.