पुठ्ठ्याची गावे

दिवाळीच्या सुट्टीत आपण सगळ्यांनीच कधी ना कधी किल्ला केलेला आहे. दगडमातीचा डोंगर, वर मोहरी पेरून उगवलेली हिरवळ, पायथ्याशी पुठ्ठ्याची चार घरे आणि माथ्यावर मातीचे शिवाजीमहाराज. आता जरा आठवून पाहा. महाराजांची मूर्ती बुरुजाहून उंच असायची, मावळ्याला दरवाजातून आत शिरणे शक्यच नसायचे, आणि विहिरीवरची बाई शेजारच्या घरापेक्षा थोराड दिसायची. त्याचे आपल्याला काही वाटत नसे, आणि वाटायचे कारणही नव्हते. तो खेळ होता. पण समजा, एखाद्या मुलाने हट्टच धरला, की मावळा दरवाजातून आत गेलाच पाहिजे, तर? त्याला पट्टी घ्यावी लागेल. दरवाजा मोजावा लागेल. आणि एकदा का मोजमाप आले, की खेळाचे काम होते. कधी कधी त्या कामातून इतिहासही लिहिला जातो.

असा हट्ट धरणाऱ्या मंडळींचीच गोष्ट आज सांगायची आहे. ही मंडळी टेबलावर मावेल एवढी रेल्वे मांडतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याची गावे वसवतात.

खेळण्यातली रेल्वे मुळात चांगली दांडगी असे. जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली रुळांची ठराविक मापे बाजारात आणली, तेव्हा दोन रुळांमधले अंतर पंचेचाळीस मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त होते. अशी गाडी फिरवायची तर दिवाणखाना हवा, बाग हवी, आणि तसा दिवाणखाना असलेला बापही हवा! पुढे घरे लहान होत गेली तशी गाडीही लहान होत गेली. १९३५च्या सुमारास साडेसोळा मिलिमीटरची गाडी आली. मग न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने १९६० साली नऊ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणारी गाडी दाखवली आणि दोन वर्षांत तिचे प्रमाण १:१६० असे ठरवून टाकले. या मापाला पुढे 'एन' हे नाव मिळाले, कारण युरोपातल्या अनेक भाषांत नऊ हा आकडा 'न'ने सुरू होतो. आपला मराठी 'नऊ'ही त्याच पंगतीला बसतो, हे सहज लक्षात येईल. जपानमध्ये १९६५ साली काटो कंपनीने या मापाचे इंजिन काढले. तिथली घरे म्हणजे आपल्या मुंबईच्या खोल्यांची भावंडेच. त्यामुळे हे माप तिथे चांगलेच रुजले. १९७२ मध्ये मेर्कलिनने साडेसहा मिलिमीटरची गाडी आणली, तिचे प्रमाण १:२२०. आणि २००६ मध्ये जपानमध्येच तीन मिलिमीटरच्या रुळांवरची गाडी दाखवण्यात आली. तिचे प्रमाण १:४५०. त्या गाडीच्या फलाटावर उभा राहणारा माणूस तिळापेक्षा जेमतेम मोठा असतो.

गाडी कारखान्यात होते. तिला विकत आणता येते. पण गाव? प्रत्येकाचे गाव वेगळे. ते ज्याचे त्याने करायचे. आणि इथेच पुठ्ठा पुढे येतो.

पुठ्ठाच का, हे जरा हिशेबाने पाहू. इंग्लंडमध्ये नऊ मिलिमीटरच्या गाडीसाठी १:१४८ हे प्रमाण धरतात. दोन मीटर उंचीचा दरवाजा या प्रमाणात साडेतेरा मिलिमीटरचा होतो. आपले गवंडी जिला नऊ इंची भिंत म्हणतात, ती दीड मिलिमीटरची होते. म्हणजे दीड मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घेतला की भिंत तयार. लिहिण्याच्या कागदाची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर. तो खिडकीभोवती चिकटवला, तर खरोखरीची दीड सेंटिमीटर पुढे आलेली चौकट झाली. विटांच्या मधल्या दर्जा मात्र कोरून दाखवाव्यात, तर त्या केसाहूनही बारीक हव्यात. त्या कोरण्यापेक्षा रंगवलेल्या किंवा छापलेल्याच अधिक खऱ्या दिसतात. लाकडाचा धागा, प्लॅस्टरचा कण इथे दगडधोंड्यासारखा डोळ्यांत खुपतो. कागदाला मात्र असा कण नसतो. जसजसे प्रमाण लहान होते, तसतसा हा गरिबाघरचा माल श्रीमंतांच्या मालाला भारी पडू लागतो.

कागदाची घरे काही रेल्वेवाल्यांनी शोधून काढली नाहीत. फ्रान्समध्ये एपिनाल नावाचे गाव आहे. तिथे पेलरँ यांनी १७९६ साली छापखाना काढला. देवादिकांची, राजेरजवाड्यांची स्वस्त रंगीत चित्रे हा त्यांचा मुख्य धंदा. पुढे एकोणिसाव्या शतकात त्यांनी कापून, दुमडून, चिकटवून उभ्या करायच्या इमारतींचे तक्तेही छापले. जर्मनीत एसलिंगेनच्या श्रायबर यांच्या छापखान्याने हाच धंदा मोठ्या प्रमाणावर केला. ज्या पोराला टिनाचा वाडा परवडत नव्हता, त्याला कागदाचा परवडत होता. कात्री आईची, खळ स्वयंपाकघरातली, आणि मेहनत आपली.

मग दुसरे महायुद्ध आले. ब्रिटनमध्ये १९४२पासून धातूची खेळणी करायला बंदी झाली; धातू बंदुकांकडे गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४१ मध्ये, जेफ्री हायवे या गृहस्थांनी 'मायक्रोमॉडेल्स' या नावाने पोस्टकार्डाएवढ्या पत्त्यांचे संच विकायला काढले होते. एका पाकिटात काही पत्ते, त्यांवर बारीक छापलेले सुटे भाग, आणि ते जोडले की तळहातावर इंजिन, जहाज किंवा सेंट पॉलचे कॅथीड्रल उभे राहायचे. सिगारच्या पेटीत मावेल एवढाच कारखाना याला पुरतो, अशा अर्थाची त्यांची जाहिरात असे. विचार करा, बाहेर काळोख केलेला आहे, बाँबच्या भीतीने लोक दबकून बसलेले आहेत, आणि कुणीतरी दिव्याच्या चिमूटभर उजेडात सेंट पॉलचा घुमट जोडतो आहे. खरे कॅथीड्रल त्या वेळी आगीच्या लोळांत कसेबसे उभे होते. अशा वेळी कागदाचा घुमट जोडणे याला नुसता खेळ म्हणायला जीभ धजत नाही.

आता हे काम करतात कसे, ते थोडक्यात सांगतो. पहिले काम मोजण्याचे. इंग्लंडमधल्या जुन्या इमारतींत विटांचे चार थर चढले की साधारण एक फूट उंची होते. त्यामुळे इमारत पाडली गेली असली आणि हाती नुसता फोटो असला, तरी थर मोजून तिची उंची काढता येते. फुटाला दोन मिलिमीटर असे प्रमाण घेतले, तर एक थर अर्ध्या मिलिमीटरचा. मग भिंती पुठ्ठ्यावर आखायच्या. पोलादी पट्टी लावून धारदार पाते चालवायचे, तेही एकदम दाबून नव्हे. चारपाच वेळा हलक्या हाताने. जिथे घडी घालायची तिथे आधी पात्याचा नुसता ओरखडा काढायचा, नाहीतर कोपरा फुगतो आणि घर आजारी दिसते. कापलेली कड पांढरी पडते. तिला विटेचा रंग लावायचा. हे एक विसरले, की सगळे सोंग उघडे पडते! आतून आडवे धिरे द्यायचे, कारण कागद हवेतला ओलावा पितो आणि वाकतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे धिरे हवेतच. आणि छप्पर शेवटी. कौलांच्या पट्ट्या खालून वर, एकीवर एक, खऱ्या घरावर चढवतात तशाच.

जागेचा हिशेब मात्र निष्ठुर असतो. १:१४८ या प्रमाणातसुद्धा एक किलोमीटर म्हणजे पावणेसात मीटर, सुमारे बावीस फूट. एवढी लांब भिंत कुणाच्या घरात आहे? म्हणून काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवावेच लागते. मागच्या इमारतींचा नुसता दर्शनी भाग करून तो भिंतीला टेकवतात. बखर लिहिणाऱ्यालाही याहून वेगळे काय करावे लागते?

या छंदाला आणखी वरच्या पायरीवर नेणारे दोघेजण इंग्लंडात होऊन गेले. पहिले जॉन अहर्न. त्यांनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'मॅडर व्हॅली' नावाची कल्पनेतली रेल्वे मांडायला घेतली. तोवर लोक गाडी करत आणि तिच्या भोवती चार घरे टाकत. अहर्न यांनी आधी गाव पाहिले आणि गाडी त्या गावातून जाऊ दिली. इमारती कशा कराव्यात यावर त्यांनी पुस्तकही लिहिले.

दुसरे रॉय इंग्लंड. आडनाव इंग्लंड, पण जन्म ऑस्ट्रेलियातला. १९२५ साली हे तरुण गृहस्थ इंग्लंडला आले ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या वेडाने. ती रेल्वे पाहता पाहता ते 'व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स' या खोऱ्यातल्या खेड्यांच्या प्रेमात पडले. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती खेडी बदलू लागली. गवताने शाकारलेली छपरे उतरू लागली, जुन्या भिंती पडू लागल्या. त्यांच्या हातात ना सत्ता होती, ना पैसा. त्यांनी पट्टी, वही आणि कॅमेरा घेतला आणि घरे मोजायला सुरुवात केली. मग ती घरे पुठ्ठ्यात, १:७६ या प्रमाणात, एकेक वीट दाखवून आणि जलरंगांनी रंगवून उभी करू लागले. एकेका घराला महिनोन्‌महिने लागत. १९५४ मध्ये लाँग विटनम या खेड्यात त्यांनी या कामासाठी जागा घेतली आणि त्यातून पेंडन संग्रहालय उभे राहिले. १९९५ मध्ये रॉय इंग्लंड वारले. काम मात्र इतरांच्या हातांनी पुढे चालूच राहिले. अहर्न यांच्या निधनानंतर त्यांची मॅडर व्हॅलीही याच संग्रहालयात आली. एका माणसाने घेतलेला ध्यास दुसऱ्यांनी खांद्यावर घ्यावा, हे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते.

पेंडनची घरे आपल्या नऊ मिलिमीटरच्या गाडीच्या मानाने दुपटीएवढी. पण तोच वसा त्याहून लहान प्रमाणातही चालवला गेला. लंडनच्या 'मॉडेल रेल्वे क्लब'ची स्थापना १९१०ची. त्याच्या सभासदांनी १९८०च्या दशकात किंग्ज क्रॉसच्या उत्तरेचा 'कोपनहेगन फील्ड्स' हा भाग फुटाला दोन मिलिमीटर या प्रमाणात करायला घेतला. काळ निवडला दोन महायुद्धांच्या मधला. तिथे १८५५ साली उघडलेला गुरांचा मोठा बाजार होता, त्याचा घड्याळाचा मनोरा आजही उभा आहे. भोवतालच्या चाळवजा घरांच्या रांगा मात्र पुष्कळशा गेल्या. त्या रांगा या मंडळींनी नकाशे आणि फोटो पाहून पुठ्ठ्यात पुन्हा बांधल्या. गंमत अशी की, रुळांपासून जसजसे दूर जावे तसतशी घरे आणखी लहान केलेली आहेत. त्यामुळे टेबलाच्या रुंदीत मैलभर लंडन मावते. माणसे, घोडे, गाड्या, धुराडी सगळे आहे. फक्त धूर नाही.

आता नवी साधने आली आहेत. संगणकावर आखणी होते, लेझरच्या किरणाने पुठ्ठा कापला जातो, तक्ते घरीच छापता येतात. हात थरथरणाऱ्यालाही स्वच्छ खिडक्या कापून मिळतात. पण मोजण्याचे काम अजूनही माणसालाच जाऊन करावे लागते, आणि इमारत उभी असेतोवर करावे लागते.

हे सांगताना मला आपल्या बार्शी लाइट रेल्वेची आठवण होते. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी सुरू केलेली अडीच फुटी रुळांची ती गाडी पुढे मिरज आणि लातूरपर्यंत पोचली. आता तो मार्ग रुंद रुळांचा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. प्रवाशाने प्रतिकृतीसाठी खोळंबून राहावे असे कोण म्हणेल? पण त्या चिमुकल्या स्टेशनांचे दरवाजे किती उंच होते, कौलांच्या किती ओळी होत्या, पाण्याची टाकी किती दगडांवर उभी होती, हे आपल्यापैकी कितीजणांनी वहीत टिपले असेल? पुण्यात कोथरूडला जोशी कुटुंबाने उभारलेले लघु रेल्वेचे संग्रहालय १९९८पासून आहे. तिथे मुलांची गर्दी होते. म्हणजे आवड आपल्याकडेही आहे. उणीव आहे ती पट्टीची.

तेव्हा वाचकहो, पुढच्या दिवाळीत किल्ला जरूर करा, महाराज बुरुजाहून उंच असले तरी चालतील. पण सुट्टीत गावी जाल तेव्हा खिशात एक टेप ठेवा. स्टेशनाचे, देवळाच्या ओसरीचे, आजोबांच्या पडवीचे माप घ्या आणि तारीख घालून लिहून ठेवा. पुठ्ठा काय, कधीही मिळेल. पडवी मात्र कायम उभी राहीलच असे नाही.