लाकडाच्या पेटीतला समुद्र

काचेच्या पेटीतले मासे आता दवाखान्यात, हॉटेलात, सोसायटीतल्या दिवाणखान्यात कुठेही दिसतात. चीनमध्ये सोनेरी मासे कित्येक शतके पाळले जात. पण ते हौदांत किंवा मातीच्या भांड्यांत, वरून डोकावून पाहायचे. माशाला समोरून, त्याच्या पातळीवर जाऊन पाहण्याची सोय जेमतेम दोनशे वर्षांची. या सोयीच्या इतिहासात काचेइतकाच लाकडाचाही वाटा आहे, म्हणून मला तो सांगावासा वाटतो.

त्याची सुरुवात एका बाईपासून होते. जान विलप्रू-पॉवर ही मूळची फ्रेंच शिवणकाम करणारी. लग्नानंतर ती सिसिलीतल्या मेसिना इथे राहायला गेली. पातळ कवचात राहणारा एक अष्टपाद ते कवच स्वतः बनवतो की दुसऱ्याचे बळकावतो, हा तेव्हाच्या विद्वानांचा वाद होता. तो सोडवण्यासाठी तिने १८३२ मध्ये काचेच्या पेट्या करवून घेतल्या आणि कवच तो प्राणी स्वतःच घडवतो, हे दाखवून दिले. पुढे १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. आज आपला छोटा पंप करतो, तेच काम!

त्याच लंडनमध्ये डॉ. नथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास बंद बाटलीत नेच्याचे रोप आपोआप वाढलेले दिसले. त्यातून लाकडी चौकट आणि काचा यांची ‘वॉर्ड पेटी’ जन्मली. चीनमधली चहाची रोपे अशाच पेट्यांतून १८५० च्या आसपास हिंदुस्थानात आली. ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. मग १८५० च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सुमारे १२ गॅलनच्या भांड्यात सोनेरी मासे, एक पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगायी कुजकी पाने आणि शेवाळ खातात, मासे जगतात. हा समतोल म्हणजेच आधुनिक मत्स्यपेटी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने हे वेड घराघरांत नेले.

त्या पेट्यांना स्लेटच्या फरशीचा तळ आणि लाकडी किंवा लोखंडी चौकट असे. सांधे जवसाचे तेल आणि खडूची भुकटी यांच्या पुट्टीने भरत. लाकडावर पाण्याचा भरवसा कसा ठेवायचा, असे कोणी विचारील. आपल्या मुंबईच्या गोदीत सागवानापासून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ सालचे जहाज आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. पण जहाजाला पाणी बाहेर ठेवायचे असते, पेटीला आत. पेटीची आतली बाजू ओली राहते, बाहेरची कोरडी. त्यामुळे फळी वाकते आणि सांधा उघडतो.

यावर तोड निघाली ती विसाव्या शतकात. प्लायवूडमध्ये एका पदराचे रेषे दुसऱ्याला काटकोनात असतात, म्हणून तो सहसा वाकत नाही. पाण्याला दाद न देणारे रेझिनचे डिंक आले, त्यातून मरीन प्लाय आला. मग इपॉक्सीचा लेप आणि सिलिकॉनही आले. मोठ्या पेटीला चारही बाजूंनी जाड काच लावणे फार महाग पडते. म्हणून हौशी लोक तळ आणि तीन बाजू प्लायच्या करतात, आतून इपॉक्सीचे दोन-तीन हात देतात आणि समोर तेवढी काच बसवतात.

माझ्या पुतण्याने अशी पेटी करायला घेतली: आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. आम्ही कागदावर हिशेब मांडला. पाणी सुमारे १,७०० लिटर, म्हणजे पावणेदोन टनांच्या घरात. समोरच्या काचेवरचा एकूण रेटा सुमारे ७०० किलो. हा रेटा पाण्याच्या उंचीवर ठरतो, पेटीच्या रुंदीवर नाही. म्हणून काच पेटीच्या आतून बसवतात. पाणीच तिला चौकटीवर दाबून धरते. वरच्या कडा फाकू नयेत म्हणून आडवी पट्टी लागते. आमच्या सुतारमामांना हे समजवावे लागले नाही. “पाणी वाट शोधतंच, आपण ती आधी शोधायची,” एवढेच ते म्हणाले.

पण इतिहास इथे संपत नाही. गॉस यांच्या पुस्तकाने वेडावलेले लोक टोपल्या घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यांवर लोटले. खडकांतली डबकी ओरबाडली गेली. त्यांच्याच मुलाने, एडमंड गॉस यांनी, १९०७ मधल्या आपल्या पुस्तकात याबद्दल खंत व्यक्त केली आहे. ज्या माणसाने समुद्रावर प्रेम करायला शिकवले, त्याच्याच शिकवणीने किनारे रिते झाले.

हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे आता तलावांत पैदास केलेले असतात. समुद्री मासे मात्र बहुतांशी प्रवाळखडकांतूनच पकडून आणतात. तेव्हा पेटी जरूर बांधा, लाकडाची बांधा, मोठी बांधा. फक्त मासे घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारा: हा वाढवलेला, की पकडलेला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)