खतं जळाली, कर्ज का नाही जळालं?

घरावरचं कर्ज फेडत आणलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी आजारी पडतं किंवा मोटार जळते. पुन्हा उसनवारी सुरू. हे दुखणं जुनं आहे. म्हणून आज आपण दीडशे वर्षं मागे जाऊ या.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा बाजाराचा दिवस. शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवी होती कर्जाची खतं. ती ओढून काढून त्यांनी जाळली. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तेच घडलं. कापसाचा भाव कोसळलेला, शेतसारा वाढलेला आणि सावकारांनी हात आखडलेला, अशी ती वर्षं होती.

सरकारने चौकशी आयोग नेमला. कुणबी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो, असं तेव्हा सर्रास म्हटलं जाई. आयोगाने मात्र लिहिलं, की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. लग्न कधीतरी येतं. कर्ज फुगतं ते खाण्यापिण्यासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी, साऱ्यासाठी घेतलेल्या लहान लहान रकमांनी. हे आपण लक्षात ठेवायला हवं, कारण आजही घर कर्जात गेलं की बोट आधी बाईच्या साडीकडे जातं.

या लहान रकमा मोठ्या कशा होत? मुदत संपली की थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहिलं जाई. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही, असा दामदुपटीचा जुना नियम होता. पण खत बदललं की कालचं व्याजच आजचं मुद्दल होई.

१८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. कर्जदाराला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. जुन्या कर्जाला थोडा लगाम बसला. पण ऐन पेरणीत बैल मेला, तर रोख पैसा अजूनही सावकाराकडेच होता. पुढे अनेक सावकार कर्जखताऐवजी जमिनीचं खरेदीखतच लिहून मागू लागले.

अडीअडचणीचा पैसा आपल्याच हाती हवा, ही वाट पुढे बायकांनीही काढली. मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बायका कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवण देत. संप झाला तरी जेवणाऱ्याला उपाशी कसं ठेवायचं? मग वाण्याची उधारी वाढे, दागिने गहाण पडत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तारण ठेवायला काही नव्हतं, म्हणून बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हा हीच रीत गावोगाव पोचली.

आता आपल्या घराचा हिशेब करू. दहा हजार रुपये शेकडा तीन रुपये महिना व्याजाने घेतले, तर महिन्याला तीनशे, वर्षाला तीन हजार सहाशे नुसतं व्याज जातं. मुद्दल जागच्या जागी. म्हणून सगळी देणी एका वहीत लिहा आणि जास्त व्याजाचं आधी फेडा. जुना हप्ता भरण्यासाठी नवं कर्ज काढू नका. खत बदलणं म्हणतात ते हेच. पैसे दिले की पावती घ्या.

आणि फेड चालू असतानाच, पन्नास रुपये का होईना, दर आठवड्याला अडचणीसाठी वेगळे ठेवा. वर्षाला दोन हजार सहाशे होतात. सगळं कर्ज फिटल्यावर बचत करू, असं म्हणाल तर पहिल्याच तापाला सावकाराचं दार गाठावं लागेल. गटात असाल तर पुढच्या बैठकीत विषय काढा: आजारपणासाठी काही रक्कम कायम बाजूला ठेवायची, आणि ती मागणाऱ्या बाईला त्याच दिवशी द्यायची. सुप्याच्या शेतकऱ्यांनी खतं जाळली, पण अशी थैली त्यांच्याजवळ नव्हती.