कार्ल फ्रिस्टन यांचे संशोधनलेखन व उद्धरणे

कार्ल जॉन फ्रिस्टन (जन्म: १९५९) हे ब्रिटिश मेंदूवैज्ञानिक व मनोविकारतज्ज्ञ असून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक आहेत. त्यांच्या नावावर एक हजाराहून अधिक शोधनिबंध आहेत आणि जगातील सर्वाधिक उद्धृत मेंदूवैज्ञानिकांत त्यांची गणना होते. २००६ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. सामान्य वाचकाला त्यांचे नाव ‘मुक्त ऊर्जा तत्त्वा’मुळे ठाऊक असते; त्यांच्या उद्धरणांचा पाया मात्र त्या तत्त्वाच्या कितीतरी आधी, एका संगणकीय साधनाने घातला.

एसपीएम

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात पेट स्कॅनच्या साहाय्याने मेंदूतील रक्तप्रवाहाचा अभ्यास चालू असताना या कामाचा आरंभ झाला. तोवर संशोधक मेंदूचा विशिष्ट भाग आधीच निवडत आणि तेवढ्याच भागाची सरासरी काढत. जो भाग निवडलाच नाही, तेथे काय घडले हे कळण्याची सोय नव्हती. फ्रिस्टन यांनी प्रतिमेतील प्रत्येक सूक्ष्म घनाची (व्हॉक्सेलची) स्वतंत्र सांख्यिकीय चाचणी घेऊन तिच्या निष्कर्षांचाच नकाशा काढण्याची पद्धत मांडली. या पद्धतीचे व आज्ञावलीचे नाव ‘स्टॅटिस्टिकल पॅरामेट्रिक मॅपिंग’, संक्षेपाने एसपीएम.

या पद्धतीत एक मोठी अडचण होती. एक लाख व्हॉक्सेलांची प्रत्येकी पाच टक्के चुकीची मुभा ठेवून चाचणी घेतली, तर मेंदूत काहीही घडलेले नसताना निव्वळ योगायोगाने सुमारे ५,००० व्हॉक्सेल सक्रिय दिसतील. शेजारचे व्हॉक्सेल परस्परांपासून स्वतंत्र नसल्याने नेहमीची दुरुस्तीही नीट लागू पडत नाही. मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ कीथ वर्स्ली यांनी यादृच्छिक क्षेत्रांच्या गणिताच्या आधारे यावर मार्ग काढला. एसपीएमच्या यशाचे श्रेय एकट्या फ्रिस्टन यांना देणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

१९९१ मध्ये ही आज्ञावली इतर संशोधकांना विनामूल्य देण्यात आली. (ती ज्या मॅटलॅब प्रणालीवर चालते, तिच्यासाठी मात्र पैसे मोजावे लागतात.) पुढे ‘ह्यूमन ब्रेन मॅपिंग’ या नियतकालिकात फ्रिस्टन व सहकाऱ्यांचा सामान्य रेषीय प्रतिमानावरील निबंध प्रसिद्ध झाला. तुलना, सहसंबंध, प्रचरण-विश्लेषण अशा निरनिराळ्या चाचण्या त्याने एकाच चौकटीत बसवल्या. नेमक्या याच काळात एफएमआरआय तंत्राचा प्रसार झाला आणि नव्या प्रयोगशाळांना तयार साधन हाती मिळाले. जॉन अॅशबर्नर यांच्यासह २००० साली लिहिलेल्या निबंधाने मेंदूच्या रचनेची व्हॉक्सेलनिहाय तुलना करण्याची पद्धत रूढ केली. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा असल्याचे दाखवणाऱ्या, त्याच वर्षीच्या प्रसिद्ध अभ्यासात हीच पद्धत वापरली होती. मेंदूचे भाग परस्परांवर कसा परिणाम करतात याचे अनुमान करणारे ‘डायनॅमिक कॉझल मॉडेलिंग’ २००३ मध्ये आले.

मुक्त ऊर्जा तत्त्व

मेंदू बाह्य जगाविषयी सतत अंदाज बांधतो आणि अंदाज व प्रत्यक्ष संवेदना यांतील तफावत कमी करत राहतो, हा या सिद्धान्ताचा गाभा. तफावत कमी करण्याचे मार्ग दोन: अंदाज बदलणे किंवा कृती करून संवेदनाच बदलणे. २००५ आणि २००६ मधील निबंधांतून मांडलेल्या या विचाराचे सर्वाधिक वाचले गेलेले रूप २०१० साली ‘नेचर रिव्ह्यूज न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. हे लेखन दुर्बोध असल्याची तक्रार तज्ज्ञही करतात. प्रयोगाने खोडता येत नाही, असाही आक्षेप आहे. त्यावर हे गृहीतक नसून तत्त्व आहे, असे फ्रिस्टन यांचे उत्तर असते.

उद्धरणांची गणना

होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या एच-निर्देशांकानुसार, एखाद्याच्या ५० निबंधांना प्रत्येकी किमान ५० उद्धरणे असतील तर त्याचा निर्देशांक ५० होतो. गूगल स्कॉलरनुसार फ्रिस्टन यांचा निर्देशांक २०० च्या पुढे आहे. २०१६ साली सिमँटिक स्कॉलर या शोधयंत्रणेने केलेल्या क्रमवारीत ते सर्वाधिक प्रभावी मेंदूवैज्ञानिक ठरले.

हे आकडे वाचताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. निर्देशांकात प्रत्येक सहलेखकाला पूर्ण श्रेय मिळते आणि फ्रिस्टन यांचे बहुतेक लेखन सहकाऱ्यांसह झालेले आहे. पद्धतीचे उद्धरण हे पुष्कळदा वापराची नोंद असते, विचाराशी सहमती नव्हे. उलटपक्षी, साधन सर्वपरिचित झाले की मूळ निबंधाऐवजी नुसते ‘एसपीएम’ लिहून भागवले जाते आणि तो वापर गणनेत येतच नाही.

खंडनही उद्धरणांतच मोजले जाते. २०१६ मध्ये अँडर्स एक्लुंड, टॉमस निकोल्स व हान्स क्नुटसन यांनी ४९९ निरोगी व्यक्तींच्या विश्रांतावस्थेतील प्रतिमा घेऊन एसपीएम, एफएसएल आणि एएफएनआय या तिन्ही आज्ञावल्या तपासल्या. सलग व्हॉक्सेलांच्या समूहांवर आधारित अनुमानात पाच टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत खोटे निष्कर्ष निघू शकतात, असे त्यांना आढळले. सुमारे ४०,००० अभ्यासांची वैधता शंकास्पद असल्याचे त्यांचे विधान वृत्तपत्रांत गाजले. पुढे लेखकांनीच शुद्धिपत्राद्वारे तो आकडा काढून टाकला. गियोम फ्लँडिन व फ्रिस्टन यांनी आपल्या उत्तरात, समूह ठरवण्याचा प्राथमिक उंबरठा ०.०१ ऐवजी ०.००१ असा कडक ठेवल्यास एसपीएममधील चुकीचे प्रमाण अपेक्षित मर्यादेत राहते, असे दाखवले.

अन्य लेखन

छिन्नमनस्कता हा मेंदूच्या भागांमधील जोडणीचा विकार असावा, ही कल्पना त्यांनी क्रिस फ्रिथ यांच्यासह १९९५ मध्ये मांडली. निबंध नाकारू पाहणाऱ्या परीक्षकांसाठी दहा उपरोधिक नियम सांगणारा त्यांचा २०१२ मधील लेखही बराच चर्चिला गेला. छोट्या नमुन्यांच्या अभ्यासांचे त्यातील समर्थन अनेकांना पटले नाही. टॉमस पार व जोव्हानी पेत्सुलो यांच्यासह लिहिलेले ‘अॅक्टिव्ह इन्फरन्स’ हे पुस्तक २०२२ साली प्रसिद्ध झाले.