‘रक्तातच आहे’ म्हणण्याआधी : जनुके, बालपण आणि आक्रमकता

भाजे लेणी पाहायला गेला असाल, तर वरचा विसापूर आणि शेजारचा लोहगडही तुम्ही पाहिला असेल. १८१८ मध्ये हे दोन्ही किल्ले इंग्रजांकडे गेले. मराठी राज्यात गडांच्या आणि घाटवाटांच्या राखणीत कोळी, रामोशी अशा समाजांचा मोठा वाटा होता. राज्य गेले, तशी ही चाकरीही गेली. पुरंदर भागात उमाजी नाईकांनी रामोशांना घेऊन बंड केले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी झाली. पुढे रामोशी समाजावर ‘गुन्हेगार जमात’ असा शिक्का बसला.

आरोग्याच्या लेखात हा इतिहास कशाला, असे तुम्ही विचाराल. हिंसक वागणे जन्मजात असते की परिस्थितीतून येते, हा प्रश्न आजही पालक डॉक्टरांना विचारतात. आपल्याकडे त्याचे उत्तर एकेकाळी कायद्यानेच देऊन टाकले होते.

कायद्याचे उत्तर

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागचा तर्क सोपा होता : सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ मध्ये देशभर लागू करण्याची सोय झाली. नोंद झालेल्या माणसाला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, गावाबाहेर जायला परवाना लागे. सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात.

डॉक्टर म्हणून मला सर्वांत गंभीर वाटते ती १८९७ ची दुरुस्ती. चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याची मुभा तिने सरकारला दिली. दोष रक्तात आहे असे मानणाऱ्यांनी त्यावर उपाय म्हणून मुलांचे बालपणच मोडले.

विज्ञानाचे उत्तर

१९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका कुटुंबाचा अभ्यास हान ब्रूनर यांनी प्रसिद्ध केला. त्या घरातल्या काही पुरुषांमध्ये ‘माओ-ए’ हे जनुक पूर्ण निकामी होते, आणि रागाच्या भरात ते हिंसक होत. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनालिन या मेंदूतल्या रसायनांचे विघटन करणारे विकर हे जनुक बनवते. ते एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषांकडे एक्स एकच असल्याने बिघाड भरून काढायला दुसरी प्रत नसते.

असा पूर्ण बिघाड अत्यंत दुर्मीळ आहे. मात्र या जनुकाचा ‘मंद’ प्रकार अनेकांत आढळतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे १,०३७ मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला. त्यातल्या पुरुषांविषयीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. मंद जनुक आणि लहानपणी छळ, या दोन्ही गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या ते १२ टक्के होते. पण हिंसेच्या गुन्ह्यांतल्या ४४ टक्के शिक्षा त्यांच्या नावावर होत्या. मंद जनुक असूनही ज्यांचे बालपण सुरक्षित गेले, ते इतरांपेक्षा जास्त हिंसक नव्हते.

पुढच्या सर्वच अभ्यासांत हा संबंध तितका ठळक दिसला नाही, आणि आक्रमकतेत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. पण दिशा स्पष्ट आहे. सतत मार आणि भीती अनुभवणाऱ्या मुलाच्या मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा कायम जागी राहते. साध्या नजरेतही त्याला हल्ला दिसतो. काही मुलांची जनुके हा परिणाम वाढवतात, काहींची कमी करतात. आणि मंद प्रकार कोणा एका जातीजमातीची मिरास नाही. तो जगभर, सर्व समाजांत सापडतो. तुमच्या-माझ्या घरातही असू शकतो.

मग आपण काय करायचे?

जनुके बदलणे आपल्या हाती नाही. घर बदलणे आहे. मारून मूल शांत झाले असे वाटते, तेव्हा ते बहुधा घाबरलेले असते. ‘बापावर गेलाय, वाया जाणार’ हे रोज ऐकणाऱ्या मुलाला आपण नकळत त्याच वाटेला लावतो. मूल सतत मारामारी करत असेल, प्राण्यांना इजा करत असेल, किंवा अचानक फार चिडके झाले असेल, तर त्याच्यावर काय गुजरते आहे हे आधी शोधा आणि बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कुठे मुलाचा छळ होताना दिसला, तर १०९८ या क्रमांकावर कळवा. विश्वासाचे एक जरी मोठे माणूस सोबत असले, तरी मुलाला मोठा आधार मिळतो.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, आणि रामोशी समाज आज ‘विमुक्त’ जातींच्या यादीत आहे. ‘खाण तशी माती’ म्हणत एखाद्या मुलाकडे बोट दाखवण्याआधी एवढे आठवा : कायद्याच्या पुस्तकातून पुसलेला तो शिक्का आपल्या बोलण्यातून अजून पुसायचा आहे.