जकार्ता १९६२ : गोलांच्या यादीत नसलेला हाफबॅक

१. ४ सप्टेंबर १९६२. जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव केला आणि फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. हे पदक त्यानंतर भारताला आजतागायत मिळालेले नाही. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम ही नावे त्या विजयाशी कायमची जोडली गेली. त्याच संघात मधल्या फळीत खेळलेले फॉर्च्युनातो फ्रँको मात्र विस्मरणात गेले. असे का झाले?

२. फ्रँको मूळचे गोव्याचे. त्यांची फुटबॉल कारकीर्द घडली ती प्रामुख्याने मुंबईत. पश्चिम रेल्वे आणि टाटा या संघांकडून ते खेळले. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात त्यांचा समावेश होता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी जकार्ताच्या अंतिम सामन्यात प्रशांत सिन्हा आणि फ्रँको या दोघांवर हाफबॅकची जबाबदारी सोपवली होती.

३. आता आकडे पाहू. त्या स्पर्धेत भारत पाच सामने खेळला. दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार, थायलंडवर ४-१, जपानवर २-०, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामवर ३-२ आणि अखेर पुन्हा दक्षिण कोरियावर २-१. एकूण गोल ११. त्यांपैकी बॅनर्जी ४, गोस्वामी ३, बलराम २ आणि जर्नेल सिंग २. म्हणजे अकराही गोल चौघांच्या नावावर. दोन्ही हाफबॅकच्या नावापुढे शून्य.

४. सन्मानांची यादीही याच क्रमाने जाते. फुटबॉलसाठीचे पहिले चार अर्जुन पुरस्कार असे : १९६१ बॅनर्जी, १९६२ बलराम, १९६३ गोस्वामी, १९६४ जर्नेल सिंग. नेमके तेच चौघे. पुढील तीन वर्षांत अरुण घोष, युसुफ खान आणि गोलरक्षक पीटर थंगराज यांचा गौरव झाला. सिन्हा आणि फ्रँको यांची नावे त्या यादीत कधीच आली नाहीत. हे पुरस्कार केवळ जकार्तातील कामगिरीसाठी नव्हते, हे खरे. बॅनर्जींचा पुरस्कार तर त्या स्पर्धेच्या आधीचा आहे. तरीही डोळ्यांना काय दिसते आणि कागदावर काय उतरते, याचा कल या यादीतून स्पष्ट होतो.

५. हाफबॅकचे काम बहुधा घडण्यापूर्वीच संपते. प्रतिस्पर्ध्याच्या पासची वाट अडवणे, सुटलेला चेंडू ताब्यात घेणे, तो आघाडीच्या खेळाडूकडे योग्य वेळी पोहोचवणे, सहकारी पुढे धावला की त्याची जागा भरून काढणे. जो हल्ला झालाच नाही, त्याची बातमी होत नाही. शिवाय गोलापूर्वीचा पास कोणी दिला, तो चेंडू मुळात कोणी हिसकावला, याची पद्धतशीर नोंद ठेवण्याची प्रथा तेव्हा नव्हती.

६. तशा नोंदीचा आरंभ मात्र झाला होता. १८ मार्च १९५० रोजी इंग्लंडमधील स्विंडन येथे चार्ल्स रीप या हवाई दलातील हिशेब अधिकाऱ्याने सामना पाहता पाहता प्रत्येक चाल वहीत टिपण्यास सुरुवात केली. पुढे शेकडो सामने नोंदवून रीप यांनी निष्कर्ष काढला : बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चालींतून होतात, म्हणून चेंडू लांब टोलवावा. मात्र फुटबॉलमधील बहुतेक चाली मुळातच तीन पासच्या आत संपतात. तेव्हा किती गोल झाले, एवढे पाहून भागत नाही. किती चालींमागे किती गोल झाले, हे प्रमाण पाहावे लागते.

७. आजचे विश्लेषक म्हणूनच मधल्या फळीतील खेळाडूचे आकडे ९० मिनिटांच्या प्रमाणात मांडतात. त्याने किती पास अडवले, किती वेळा चेंडू परत मिळवला, पुढे दिलेले किती पास अचूक ठरले, हे पाहिले जाते. चेंडू बहुतांश वेळ स्वतःच्याच संघाकडे असेल, तर तो हिसकावण्याची संधी कमी मिळते. त्याचाही हिशेब केला जातो. इतके करूनही योग्य जागी नुसते उभे राहून रोखलेला पास मोजणे कठीणच असते.

८. मग १९६२ च्या आकड्यांवरून फ्रँको यांच्याविषयी काय म्हणता येईल? भारताने पाच सामन्यांत ६ गोल स्वीकारले. ज्या कोरियाने पहिल्या भेटीत दोन गोल केले, त्याला अंतिम सामन्यात एकच करता आला. परंतु हे श्रेय गोलरक्षक, बचावफळी आणि हाफबॅक या सर्वांचे आहे; त्यातील फ्रँको यांचा वाटा वेगळा काढण्याजोगी नोंदच झालेली नाही. त्यांच्या नावापुढील शून्य फक्त गोलांचे आहे. बाकीचे रकाने कोरे आहेत, आणि कोऱ्या रकान्याला शून्य समजणे ही इतिहासलेखनातील मोठी चूक ठरते.

९. १९६३-६४ मध्ये महाराष्ट्राने संतोष करंडक जिंकला, तेव्हा संघाचे नेतृत्व फ्रँको यांच्याकडे होते. प्रत्यक्ष मैदानावरील सहकाऱ्यांना त्यांचे मोल ठाऊक होते, असे यावरून दिसते. १० मे २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या खेळाचे कोरे रकाने आता कोणालाही भरता येणार नाहीत.

१०. आज खेळणाऱ्यांचे मात्र भरता येतील. रीप यांच्याकडे केवळ वही आणि पेन्सिल होती. माणिकगडच्या डोंगररांगेतील जिवतीच्या एखाद्या मैदानावर सामना पाहणारा विद्यार्थीही तीन रकाने आखू शकतो : चेंडू कोणी मिळवला, कोणाकडे दिला, पुढे काय झाले. साठ वर्षांनी कोणी त्या सामन्याचा इतिहास लिहू लागला, तर त्याला गोल करणाऱ्याबरोबरच मधल्या फळीतील मुलाचे नावही सापडेल.